पेनड्राइव्हमधले विरजण

“विंडोज मारून द्या.” नाशिकमधल्या संगणक दुरुस्तीच्या दुकानांत ही मागणी इतकी नित्याची आहे की तिच्यातले क्रियापद कोणाला खटकत नाही. शिक्का मारतात, पिकावर औषध मारतात, तसे विंडोजही मारतात. गिऱ्हाईक लॅपटॉप टेबलावर ठेवते, दुकानदार खणातून झिजलेला पेनड्राइव्ह काढतो आणि संध्याकाळपर्यंत यंत्र कोरे करकरीत होऊन परत मिळते. पैसे किती, वेळ किती आणि फोटो-फायली राहतील का, हे तीन प्रश्न हमखास होतात. त्या पेनड्राइव्हात जे आहे ते आणले कुठून, हा चौथा प्रश्न विचारणारा विरळा. बूटेबल पेनड्राइव्हविषयी जे लिहिले-बोलले जाते त्यातही तो अभावानेच येतो. रूफस चांगले की व्हेंटॉय, जीपीटी निवडावे की एमबीआर, यातच सारी चर्चा संपते. तंत्राचा भाग गेल्या पंधरा वर्षांत इतका सोपा झाला आहे की त्यावर भांडण्यासारखे फारसे उरलेले नाही. अवघड आहे तो विश्वासाचा भाग. माझे म्हणणे असे की तो सुटायचा असेल तर हा पेनड्राइव्ह दुकानदाराच्या खणातून निघून यंत्राच्या मालकाच्या कपाटात आला पाहिजे. मग तो मालक सातपूरचा कारखानदार असो, दिंडोरी तालुक्यातली शाळा असो की नाशिकरोडवरचा एखादा सीए.

हा विषय आताच काढण्याला एक तारीख कारणीभूत आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला दिली जाणारी नेहमीची सुरक्षा-अपडेट बंद केली. घरगुती वापरासाठी आणखी एका वर्षाची, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सोय ठेवली. संस्थांना तीच सोय पहिल्या वर्षी यंत्रामागे ६१ डॉलरला आणि पुढे दरवर्षी दुप्पट दराने. विंडोज ११ घ्यावे तर टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि साधारणपणे २०१७ नंतरचा प्रोसेसर लागतो. कॅनॅलिस या बाजार-अभ्यासक कंपनीने डिसेंबर २०२३ मध्येच अंदाज बांधला होता की या एका निर्णयापायी जगातले सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात. आता नाशिककडे पाहा. टॅलीत हिशेब लिहिणारी आडत्यांची यंत्रे, एमएस-सीआयटी केंद्रांतल्या रांगा, द्राक्षाच्या पॅकहाउसमधला कोपऱ्यातला पीसी, दाखले काढून देणारी सेवा केंद्रे, लग्नपत्रिका जुळवणारी डीटीपीची दुकाने: यांतली कितीतरी यंत्रे धडधाकट आहेत, पण कागदोपत्री म्हातारी ठरली आहेत. त्यांच्यापुढे वाटा चार. आहे तसे चालवणे, अट डावलून विंडोज ११ बसवणे, लिनक्सकडे जाणे किंवा भंगारवाल्याला देणे. शेवटची सोडली तर बाकी तिन्ही वाटा एका पेनड्राइव्हवरून जातात. पहिलीसुद्धा कशी जाते ते पुढे येईल.

संगणक सुरू होतो म्हणजे काय होते हे एकदा नीट पाहिले तर या पेनड्राइव्हचे मोल कळते. डिस्कवरचा कोणताही प्रोग्रॅम वाचून मेमरीत आणायला आधी दुसरा प्रोग्रॅम चालू असावा लागतो. मग पहिला कोणी आणायचा? दही लावायला दही लागते, तशातली ही अडचण. तिच्यावरचा तोडगाही विरजणाचाच आहे. मदरबोर्डवरच्या चिपमध्ये थोडासा प्रोग्रॅम कायमचा भरून ठेवलेला असतो. वीज येताच तो जागा होतो, डिस्कवरून चमचाभर सूचना उचलतो, त्या आणखी मोठा प्रोग्रॅम उचलतात आणि बघता बघता सगळे दूध लागते. डिस्कवरचे विरजण नासले, किंवा नव्या कोऱ्या डिस्कवर ते मुळात नसलेच, तर शेजारच्या घरून वाटीभर आणावे लागते. बूटेबल पेनड्राइव्ह ही ती वाटी. शेजारचे विरजण आंबट असेल तर आपले दहीही तसेच लागणार, हे घराघरांत माहीत असते. संगणकाच्या बाबतीत मात्र ते विसरले जाते.

जुन्या रीतीत, म्हणजे चिपमधल्या त्या प्रोग्रॅमला बायोस म्हणत त्या काळात, हे विरजण खरोखरच चमचाभर असे. डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटचा. त्यातले ४४६ बाइट सूचनांना, ६४ बाइट डिस्कच्या विभागांच्या नोंदीला आणि उरलेले दोन बाइट ‘५५ एए’ या खुणेला. खूण दिसली की बायोस पुढे काही न विचारता त्या सूचना चालवत असे. बायोसच्या जागी यूईएफआय आल्यावर ही रीत बदलली. यूईएफआयला फॅट पद्धतीने आखलेला विभाग वाचता येतो. तो पेनड्राइव्हवर ‘ईएफआय’ नावाच्या फोल्डरात, त्यातल्या ‘बूट’ फोल्डरात ठरलेल्या नावाची फाइल शोधतो आणि ती चालवतो. म्हणजे आजच्या यंत्रासाठी पेनड्राइव्ह बूटेबल करणे याचा अर्थ तत्त्वतः एवढाच: तो फॅट-३२ मध्ये फॉरमॅट करायचा आणि आयएसओच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम एकाच फाइलीत बांधलेल्या गठ्ठ्याच्या, पोटातल्या फाइली त्यावर उतरवायच्या. सगळी साधने जे करतात ते बहुतांशी या एका वाक्यातल्या अडचणी निस्तरणे. मोठी अडचण अशी की फॅट-३२ वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी राहू शकत नाही आणि विंडोजच्या आयएसओतली ‘इन्स्टॉल’ नावाची मुख्य फाइल आता ती मर्यादा ओलांडून जाते. मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे मीडिया क्रिएशन टूल हीच फाइल अधिक दाबून बसवते; रूफस एनटीएफएस विभाग करून त्याला यूईएफआयकडून वाचून घेण्यासाठी मध्ये एक छोटा दुभाषी ठेवते. लिनक्सच्या आयएसओ बहुधा अशा बांधलेल्या असतात की त्या सीडीलाही चालतात आणि पेनड्राइव्हवर जशाच्या तशा, बाइटला बाइट, ओतल्या तरी चालतात.

साधनांविषयी याहून जास्त जागा खर्च करावीशी वाटत नाही. विंडोजच हवे असेल तर मायक्रोसॉफ्टचे टूल आणि ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरे. पीट बटार यांनी २०११ पासून जोपासलेले रूफस लहानसे, मोफत आणि खुले आहे. व्हेंटॉयमध्ये एकाच पेनड्राइव्हवर अनेक आयएसओ नुसत्या कॉपी करून ठेवता येतात, म्हणून दुरुस्तीवाल्यांचा तो लाडका. मात्र त्याच्या सोर्समध्ये आधीच बनवून ठेवलेल्या बायनरी फाइली असल्याबद्दल २०२४ मध्ये आक्षेप घेतले गेले, आणि आपला मुद्दा विश्वासाचा असल्याने ते नोंदवणे भाग आहे. होणाऱ्या चुकाही ठरावीक आहेत. आयएसओ फाइल तशीच पेनड्राइव्हवर कॉपी करणे ही पहिली: पाकीट न फोडता आत ठेवले तर पत्र वाचणार कोण? लिनक्स ओतलेला पेनड्राइव्ह विंडोजला नीट ओळखता येत नाही, ते ‘फॉरमॅट करू का’ म्हणून विचारतो आणि माणूस पेनड्राइव्ह बिघडला समजून फेकून देतो, ही दुसरी. तिसरी चूक बाजारातल्या लबाडीची आहे. स्वस्तातला ‘१ टीबी’ पेनड्राइव्ह प्रत्यक्षात काही जीबीचाच निघतो, वरचे लिखाण मुकाट हरवते आणि इन्स्टॉलेशन अर्ध्यात कोसळले की दोष विंडोजला दिला जातो.

आता विश्वासाकडे. बायोस त्या ४४६ बाइटांवर डोळे मिटून विसंबत असे, हे ओळखणारे पहिले लोक व्हायरस लिहिणारे होते. १९९० मध्ये भारतात सापडलेल्या एका व्हायरसचे नाव ‘जोशी’. तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरात बसून यायचा, हार्ड डिस्कच्या पहिल्या सेक्टरात शिरायचा आणि ५ जानेवारीला यंत्र अडवून ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टाइप करायला लावायचा. हे जोशी कोण, याचे कुतूहल मराठी माणसाला वाटणे साहजिक आहे. मायकेलअँजेलो हा त्याच जातीचा, पण विनोदबुद्धी नसलेला: ६ मार्चला तो डिस्कवरचा मजकूरच पुसत असे आणि १९९२ मध्ये जगाने त्याचा धसका घेतला. पुण्यात कैलास काटकर यांच्या दुरुस्तीच्या दुकानात असली व्हायरसग्रस्त यंत्रे येत. त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी त्यांवर उतारा म्हणून प्रोग्रॅम लिहिले आणि त्यातून पुढे क्विक हील उभी राहिली. तेव्हा या रोगाचा वाहक होता हातोहात फिरणारी फ्लॉपी, आणि ती कोणाकडून आली हे निदान आठवत तरी असे. त्याच दशकात याच्या उलटा, चांगला वाहकही दिसतो. १९९६ मध्ये पीसीक्वेस्ट मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी द्यायला सुरुवात केली. त्या उपक्रमामागे बेळगावात शिकलेले अतुल चिटणीस होते. ज्यांच्या गावात इंटरनेट पोहोचले नव्हते त्यांनाही एका ओळखीच्या, पत्ता असलेल्या, चूक झाली तर जाब विचारता येईल अशा हातातून ऑपरेटिंग सिस्टीम मिळाली. मला महत्त्वाचा वाटतो तो हा पत्ता.

आज खणातल्या पेनड्राइव्हला असा पत्ता असतोच असे नाही. बीएसए या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघटनेच्या २०१८ च्या पाहणीत, २०१७ साली भारतातल्या संगणकांवर बसवलेल्या सॉफ्टवेअरपैकी ५६ टक्के विनापरवाना असल्याचे म्हटले होते. संघटना हितसंबंधी आहे, आकडा वाढीव असेल असे धरले तरी चित्र ओळखीचे आहे. ‘आधीच ॲक्टिव्हेट केलेली’ आयएसओ टॉरेंटवरून उतरते, किंवा विंडोज बसवल्यावर क्रॅक चालवला जातो. तो चालवण्यासाठी ॲन्टिव्हायरस बंद करावा लागतो आणि यंत्राची सगळी दारे एका अनोळखी माणसाला उघडून द्यावी लागतात. कायदाही आहे: कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ब प्रमाणे बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. पण कायद्यापेक्षा मला यातला वेडगळपणा जास्त खटकतो. विंडोजची आयएसओ मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून कोणालाही फुकट आणि रीतसर उतरवता येते. पैसे लागतात ते परवान्याचे. विंडोज ८ च्या काळापासून विंडोजसकट विकल्या गेलेल्या लॅपटॉपांच्या मदरबोर्डमध्ये परवान्याची किल्ली कोरलेलीच असते. मूळ आयएसओ बसवली, योग्य आवृत्ती निवडली, इंटरनेट जोडले की यंत्र आपोआप ॲक्टिव्हेट होते. गोची होते ती अशी: लॅपटॉपचा परवाना ‘होम’चा, दुकानातल्या पेनड्राइव्हात ‘प्रो’, किल्ली जुळत नाही, म्हणून क्रॅक. गिऱ्हाइकाने पैसे मोजून घेतलेला परवाना घरातच पडून राहतो आणि यंत्र चोरीच्या मालावर चालते.

मूळ ठिकाणाहून उतरवले म्हणजे काळजी मिटली, असेही नाही. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटच्या अधिकृत साइटवर हल्लेखोर शिरले आणि त्यांनी डाउनलोडचा दुवा बदलून मागचे दार ठेवलेली आयएसओ लोकांच्या गळ्यात घातली. म्हणून हॅश तपासायचा. एसएचए-२५६ हा संपूर्ण फाइलवरून काढलेला ६४ अक्षरांचा ठसा. फाइलमधला एक बिट बदलला तरी ठसा ओळखू येणार नाही इतका बदलतो. विंडोजमध्ये ‘सर्टयूटिल’ ही आज्ञा तो काही सेकंदांत काढून देते. मिंटच्या प्रसंगाचा आणखी एक धडा असा की ज्या साइटवर फाइल बदलता येते तिथला छापील हॅशही बदलता येतो; त्यामुळे हॅशच्या यादीवर केलेली डिजिटल सही जुळवणे हे पूर्ण काम. नाशिककरांना ही कल्पना नवी वाटू नये. नाशिकरोडला १९२० च्या दशकापासून मुद्रांक आणि नोटा छापल्या जातात. नोट खरी आहे की खोटी हे घेणाऱ्याने, देणाऱ्याला न विचारता, उजेडात धरून ठरवावे, यासाठी तिथे एवढा खटाटोप चालतो. हॅश म्हणजे तो जलछाप. पेनड्राइव्ह देणारा भला आहे की लबाड, हा प्रश्न त्याने बाजूला ठेवता येतो.

इथे जाणकार आक्षेप घेतील: हे सगळे सिक्युअर बूटमुळे जुने झाले. यूईएफआय आता ओळखीची सही नसलेली फाइल चालवतच नाही, मग मालकाने हॅश कशाला तपासायचा? आक्षेप अर्धा खरा आहे. ‘जोशी’च्या काळातला डोळे मिटून ठेवलेला विश्वास सिक्युअर बूटने संपवला, हे मान्य. पण ही सही फक्त विरजणाच्या चमच्याची असते, लागलेल्या दह्याची नव्हे. अस्सल सहीचा बूटलोडर, म्हणजे तो चमचा, तसाच ठेवून पुढे उतरणाऱ्या विंडोजमध्ये नको ते मिसळणे शक्य असते आणि क्रॅक केलेल्या आयएसओंना तेवढे पुरते. दुसरे असे की सही असलेली वस्तूही जुनी आणि पोकळ असू शकते. तेलगी मुद्रांक घोटाळ्याच्या तपासात पुढे आले होते की नाशिकरोडच्या छापखान्याची मोडीत काढलेली यंत्रे मिळवून त्यांवर बनावट मुद्रांक छापले गेले. यंत्र सरकारी, कागद खोटा. मार्च २०२३ मध्ये ईसेट कंपनीने ज्याचा छडा लावला त्या ब्लॅकलोटस नावाच्या घातक प्रोग्रॅमने नेमके हेच केले: मायक्रोसॉफ्टची खरी सही असलेला, पण भोक असलेला जुना बूटलोडर सोबत आणला आणि सिक्युअर बूट चालू असलेल्या यंत्रात शिरला. मोडीत काढलेले यंत्र नुसते विकून चालत नाही, ते निकामी करावे लागते. जुन्या सह्या रद्द करण्याचे ते काम मायक्रोसॉफ्ट अजून टप्प्याटप्प्याने करत आहे.

दुसरा आक्षेप साधा आणि म्हणून अधिक वजनदार आहे. नळ गळाला तर प्लंबर बोलावतो. विंडोज बसवायला कारागीर आहे, तो काही शे रुपयांत काम करतो, त्याच्या पोटावर का यायचे? माझे भांडण कारागिराशी नाही. काम त्यानेच करावे, हवे तर. सामान मालकाने आणून द्यावे. घर रंगवताना रंगाचा डबा आपण आणतो आणि मजुरी रंगाऱ्याला देतो, तसे. शिवाय कारागीर वेळेवर मिळेलच, हे गृहीत धरणे किती महाग पडते ते १९ जुलै २०२४ ला दिसले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, जगातली ८५ लाख विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर अडकली; भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. एक-दोन दिवसांत मायक्रोसॉफ्टने त्यावर जे साधन दिले ते होते बूटेबल पेनड्राइव्ह बनवून देणारे. क्लाउडच्या जमान्यात पेनड्राइव्ह कशाला, असे म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग आठवावा: नेटवर्कवरून दुरुस्ती करायला यंत्र आधी सुरू तर व्हायला हवे. त्याआधी २०१७ च्या जून महिन्यात नॉटपेट्या या व्हायरसने डिस्कचा तो पहिला सेक्टरच खोडून आपले लिहिले आणि न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. नाशिकची द्राक्षे आणि कांदा परदेशी जातो ते हेच बंदर. नॉटपेट्या तिकडे युक्रेनमध्ये पसरला तो हिशेबाच्या एका नेहमीच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून; तिथेही सामान कुठून आले हाच प्रश्न होता.

सगळ्यात कठीण आक्षेप कामाच्या जागेवरून येतो, आणि लिनक्सचे उत्साही लोक त्याला फार हलके लेखतात. पेनड्राइव्ह बनवला, मिंट किंवा डेबियन बसवले, यंत्र तरुण झाले, पुढे काय? टॅली विंडोजसाठीच बनते. ई-निविदा भरायला लागणारा डिजिटल सहीचा टोकन, सेवा केंद्रातले ठसे घेणारे यंत्र, यांचे ड्रायव्हर विक्रेता बहुधा विंडोजचेच देतो. डीटीपीवाल्याची वीस वर्षांची कमाई श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत बांधलेली. काही ठिकाणी ती डोंगल लावल्याशिवाय उघडत नाही. अशा दुकानदाराला ‘लिनक्स टाका’ म्हणणे म्हणजे त्याच्या कपाटाची किल्ली गोदावरीत टाकायला सांगणे. त्याने अट डावलून विंडोज ११ बसवावे का? रूफसमध्ये टीपीएमची अट काढून टाकण्याची सोय आहे आणि यंत्र चालतेही. पण मायक्रोसॉफ्ट अशा यंत्राला पुढच्या अपडेटची हमी देत नाही, आणि २४एच२ आवृत्तीपासून फार जुन्या प्रोसेसरांत आवश्यक आज्ञाच नसल्याने ती वाट बंद झाली आहे. चौथ्या-पाचव्या पिढीच्या आय-थ्री यंत्रावर हिशेब लिहिणाऱ्याने वर्षभराची वाढीव मुदत घ्यावी आणि त्या वर्षात नव्या यंत्राचे पैसे साठवावेत, हा रुक्ष सल्ला मला जास्त प्रामाणिक वाटतो.

सातपूर आणि अंबडच्या वसाहतींतला मामला आणखी वेगळा. सीएनसी यंत्राचे आयुष्य वीस-पंचवीस वर्षे, त्याला जोडलेल्या संगणकाचे सात-आठ. सीमेन्सच्या सिन्युमेरिक नियंत्रकातला पीसीयू ५० हा भाग विंडोज एनटीवर आणि नंतर एक्सपीवर चालत असे. असली यंत्रे आजही धातू कापत आहेत. तिथे नवी ऑपरेटिंग सिस्टीम बसवण्याचा विचारही करू नये. त्या नियंत्रकाची डिस्क गेली तर मूळ सॉफ्टवेअर, पॅरामीटर आणि परवाने परत जमवायला दिवसेंदिवस जातात आणि तेवढे दिवस ऑर्डर अडते. पहिली वाटही, म्हणजे आहे तसे चालवणेही, पेनड्राइव्हवरून जाते असे म्हटले ते यासाठी. क्लोनझिला ही तैवानमध्ये तयार झालेली मोफत प्रणाली पेनड्राइव्हवरून बूट होते आणि आतल्या विंडोजला न जागवता संपूर्ण डिस्कची प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर उतरवते. जुन्या ३२-बिट यंत्रांसाठी तिच्या वेगळ्या आवृत्त्याही निघाल्या आहेत. सुट्टीच्या दिवशी अर्धा दिवस देऊन अशी एक प्रतिमा काढून ठेवलेल्या कारखान्यात डिस्क जाणे ही काही तासांची अडचण ठरते. कारखानदारांच्या संघटनांनी अग्निशमनाच्या कवायती घ्याव्यात तशी ही कवायत घ्यावी, इतके तिचे महत्त्व मला वाटते. यंत्र नेटवर्कपासून तोडून ठेवावे, हे वेगळे सांगायला नको.

मग लिनक्सची जागा कुठली? शाळेतली. शाळेच्या संगणकाला टॅली लागत नाही, डोंगल लागत नाही. केरळने हे आधी ओळखले: तिथल्या काइट या सरकारी संस्थेने शाळांसाठी उबंटूवर आधारलेली स्वतःची आवृत्ती बनवली, २०२४ मध्ये तिची २२.०४ ही नवी प्रत काढली, आणि ती बसवण्याचे प्रशिक्षण शिक्षकांनाच दिले. सहीचा पत्ता सरकारी, पेनड्राइव्ह शिक्षकाच्या हातात; मी ज्या व्यवस्थेची बाजू मांडतो आहे तिचे याहून स्वच्छ उदाहरण माझ्यापुढे नाही. महाराष्ट्राकडे साहित्य कमी नाही. सी-डॅकचे मुख्यालय पुण्यात आहे आणि त्याच सी-डॅकने बॉस ही लिनक्सची भारतीय आवृत्ती काढलेली आहे. डेबियनचा चित्रमय इन्स्टॉलर तर मराठीतून चालतो, म्हणजे भाषेची सबबही उरत नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नाशिकमधून राज्यभर अभ्यासकेंद्रे चालवते. कळवणच्या किंवा सुरगाण्याच्या शाळेला हॅश तपासलेला, सहीचा, मराठी पेनड्राइव्ह पोहोचवायला असे जाळे आयते आहे. आयटीआयच्या संगणक ट्रेडमधली मुले ऑपरेटिंग सिस्टीम बसवायला शिकतातच. त्यांच्या प्रात्यक्षिकात फक्त एक पायरी वाढवायची: बसवण्याआधी ठसा जुळवून वहीत लिहिणे.

एक भीती मात्र खरी आहे आणि तिला उडवून लावता येणार नाही. मालकाच्या हातात पेनड्राइव्ह दिला तर तो चुकीची डिस्क पुसेल. दुसऱ्या डिस्कवर फोटो असतात, पडद्यावर ‘ड्राइव्ह ०’ आणि ‘ड्राइव्ह १’ अशीच नावे दिसतात, आणि एक एंटर दाबला की संपले. डिस्कला कुलूप घालणारे विंडोजचे बिटलॉकर चालू असेल आणि त्याची ४८ अंकी किल्ली कुठे लिहून ठेवलेली नसेल तर पुसण्याचीही गरज नाही. बूटच्या सेटिंगला हात लावताच यंत्र किल्ली मागते आणि मजकूर आतच बंद होतो. क्राउडस्ट्राइकच्या वेळी पेनड्राइव्ह हातात असूनही कित्येकांचे काम इथेच अडले. पण हीच चूक दुकानातही होते, फरक इतकाच की तिथे ‘डाटा उडाला’ असे अकर्मक क्रियापदात सांगितले जाते आणि उडवणारा वाक्यातून गायब होतो. चुका टळतात त्या क्रमाने: आधी बॅकअप आणि बिटलॉकरची किल्ली कागदावर, मग शक्य असेल तर बसवायची सोडून बाकी डिस्क सोडवून बाजूला, आणि शेवटी पेनड्राइव्ह. लिनक्सच्या बाबतीत तर काहीच न पुसता पेनड्राइव्हवरूनच यंत्र चालवून वायफाय, प्रिंटर आणि आवाज पाहून घेता येतो.

आणि हा पेनड्राइव्ह एकदा बनवून वर्षानुवर्षे ठेवण्याची वस्तू नाही. आतले विंडोज जुने होत जाते, बसवल्यावर अपडेट उतरवण्यात अर्धा दिवस जातो. सिक्युअर बूटची २०११ सालची प्रमाणपत्रे जून २०२६ पासून मुदतबाह्य होऊ लागतात. त्या दिवशी यंत्रे बंद पडणार नाहीत, पण ब्लॅकलोटसनंतर सुरू झालेले जुन्या सह्या रद्द करण्याचे काम ज्या यंत्रावर पुरे होईल त्यावर आधीच्या बूटलोडरचे पेनड्राइव्ह सुरू होणार नाहीत. तेव्हा कपाटातल्या पेनड्राइव्हवर दोऱ्याने एक चिठ्ठी बांधावी. तिच्यावर आयएसओचे नाव, कुठून उतरवली, कोणत्या तारखेला, ठशाची पहिली आणि शेवटची आठ-आठ अक्षरे, आणि या यंत्रावर बूटचा मेनू कोणत्या बटणाने येतो: डेल आणि लेनोव्होला बहुधा एफ १२, एचपीला एफ ९. सहा महिन्यांनी ती चिठ्ठी बदलायची.